आम्हांला शाल नको

गेल्या वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या एका सभागृहात आमचा सत्कार झाला. आमचा म्हणजे आम्हां चौघांचा. १९६९ ते १९८० अशी अकरा वर्षे आम्ही अमरावती-अकोल्याच्या लग्नांतून, गणेशोत्सवांतून आणि कॉलेजांच्या गॅदरिंगांतून वाद्यवृंद वाजवला, त्याची कोणाला तरी आठवण झाली होती. चार शाली, चार श्रीफळे, चार गुच्छ. प्रास्ताविकात आमचा उल्लेख ‘गतकाळाचे साक्षीदार’ असा झाला. साक्षीदार म्हटले की मला कोर्ट आठवते, आणि कोर्ट म्हटले की पुढची तारीख. म्हणून मी उठून एवढेच विचारले, की आम्ही वाद्ये बरोबर आणली आहेत, एक नवे गाणे बसवले आहे. दहा मिनिटे मिळतील का? संयोजक सज्जन गृहस्थ. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, “भाऊ, नवं कायले? जुनंच एखांदं वाजवा ना, लोकायले मजा येते. अन् नसन जमत तं राहू द्या. बसून राहा आरामात.”

बसून राहा आरामात! वाचकहो, वर्ष झाले, हे तीन शब्द माझ्या घशाखाली उतरलेले नाहीत. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. ते जे बोलले ते आपला सगळा समाजच बोलतो, फक्त इतक्या जवळ येऊन बोलत नाही. आपल्याकडे कलावंताचे वय साठीच्या पलीकडे गेले, की त्याला दोनच गोष्टींची परवानगी असते. एक म्हणजे आठवणी सांगणे आणि दुसरी म्हणजे शाल पांघरून घेणे. त्याने नवे काही केले तर लोकांना ते अंगावर आल्यासारखे वाटते. बहात्तराव्या वर्षी माणसाने नवे शेत घेतले तर कौतुक होते, नव्या घराची वास्तुशांत केली तर पंगती उठतात; पण त्याने नवे गाणे केले, की सुना एकमेकींकडे पाहतात.

आता आम्ही वाजवतो काय, ते सांगायला हवे, कारण अर्धे भांडण तिथेच आहे. पोटासाठी आम्ही सिनेमाची गाणी वाजवली. पण प्रोग्राम संपला, पैसे वाटून झाले आणि मांडववाले खुर्च्या उचलू लागले, की आम्ही चौघे ब्लूज वाजवत असू. आमचा बेसवाला भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. त्याच्याकडे एक शॉर्टवेव्हचा रेडिओ होता आणि त्यावर रात्री ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर नावाचा माणूस संथ, जड आवाजात जॅझच्या तबकड्या लावीत असे. त्या खरखरीतून आम्हांला हे व्यसन लागले. माझ्याजवळ तेव्हा मांडीवर घेऊन वाजवायची हवाईयन गिटार होती. तारांवरून लोखंडी कांडी सरकवली, की बाई हुंदका आवरते तसा आवाज निघे. सौभाग्यवती त्याला अजूनही ‘मांजराचं रडणं’ म्हणतात.

“हे परक्यांचे संगीत आहे, वऱ्हाडात त्याचे काय काम?” हा प्रश्न मला पन्नास वर्षे विचारला जात आहे आणि विचारणाराच्या अंगावर बहुधा गिरणीच्या कापसाचा सदरा असतो. परके? ब्लूज हे कापसाचे गाणे आहे! मिसिसिपी नदीच्या काठची काळी, सपाट, गाळाची जमीन. १८६५ साली गुलामगिरी संपली, पण राबणारा माणूस तोच राहिला. फक्त त्याला आता गुलामाऐवजी बटईदार म्हणू लागले. बियाणे मालकाचे, पीठ-मीठ मालकाच्या दुकानातून उधारीवर आणि हिशेब कापूस निघाल्यावर मालकाच्याच वहीत. वर्षाच्या अखेरीस बाकी निघे ती राबणाराच्याच नावावर. वऱ्हाडातल्या कोणाला यातले एक वाक्य तरी समजावून सांगावे लागेल काय?

नाते याहूनही जवळचे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, तेव्हा साहेबाला वऱ्हाड आठवले. खामगाव, अमरावती, अकोला या बाजारपेठांत भाव चढले. युद्ध मिटले, अमेरिकेचा कापूस पुन्हा निघाला आणि इथले भाव कोसळले. म्हणजे मिसिसिपीचा शेतमजूर आणि वऱ्हाडचा कुणबी हे एकाच तागडीच्या दोन पारड्यांत बसलेले होते. एकाचे खाली गेले की दुसऱ्याचे वर. दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही, इतकेच. चार्ली पॅटन नावाच्या गायकाने १९२९ साली कापसाच्या बोंडातल्या किडीवर गाणे ध्वनिमुद्रित केले. आमच्याकडे २०१७ साली गुलाबी बोंडअळीने उभी शिवारे खाल्ली. कीड वेगळी, बोंड तेच. त्या वर्षी आमच्या सभागृहांतून भावगीतांच्या मैफली यथासांग चालू होत्या. बोंडअळीवर गाणे मी तरी एकाही मंचावरून ऐकले नाही. मग परके कोणते, ते वाचकांनीच ठरवावे.

या गाण्याचा बांधाही आपल्या ओळखीचा आहे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि मग तिसरीत तिचे उत्तर द्यायचे. गाऱ्हाणे सांगणारी बाई असेच सांगते. एकदा सांगून ऐकणाराच्या ध्यानात येत नाही, म्हणून पुन्हा सांगते. आणि मग मर्मावर बोट ठेवते. आमच्या नव्या गाण्यातले एक कडवे असे आहे:

पाणी आलं अवकाळी, माय, कापूस झाडावर भिजला,
पाणी आलं अवकाळी, माय, कापूस झाडावर भिजला,
सावकारानं छत्री उघडली, अन् हिशेब तेवढा मोजला.

हे आमच्या गायकाने रचले. तो कवी नाही. कापूस खरेदी केंद्रावर त्याने ग्रेडर म्हणून उभी हयात काढली. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून त्याने बैलगाड्यांच्या रांगा पाहिल्या, मूठभर कापूस ओढून त्याचा धागा पाहिला आणि रात्रभर गाडीखाली झोपलेल्या शेतकऱ्याला सकाळी ‘दुसरी प्रत’ असे सांगितले. पंचवीस वर्षांचा असताना तो प्रेमाची गाणी गात असे आणि बरी गात असे. पण हे कडवे पंचविशीत त्याला सुचणे शक्य नव्हते. माझा मुद्दा नेमका हाच आहे. म्हातारपणी आवाज जातो हे खरे. पण सांगण्यासारखे काही असेल तर ते त्याच वेळी जमा झालेले असते. आपण मात्र आवाज असेपर्यंत माणसाला उसने गाणे गायला लावतो, आणि स्वतःचे गाणे आले की त्याला शाल पांघरतो.

अमेरिकेतही हे झालेच. तिथला मिसिसिपी जॉन हर्ट १९२८ साली काही गाणी ध्वनिमुद्रित करून आपल्या गावी परतला आणि पस्तीस वर्षे दुसऱ्याच्या शेतावर राबला. जगाने त्याला मेलेला धरले होते. १९६३ साली एका तरुणाने त्याच्या जुन्या गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून, अॅव्हलॉन या नावावरून, नकाशा काढून त्याचे घर शोधले. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या मोठ्या महोत्सवात सत्तरीचा हा शेतमजूर हजारो लोकांपुढे गात होता. त्याची गोष्ट मला आवडते. दुसऱ्या एकाची मला अस्वस्थ करते. सन हाऊस १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी सापडला. गिटार त्याने कधीच सोडली होती, स्वतःचीच गाणी विसरला होता. अॅलन विल्सन या विशी उलटलेल्या पोराने त्याच्यासमोर बसून त्याची स्वतःची गाणी त्याला पुन्हा शिकवली, आणि मग १९६५ साली त्याची तबकडी निघाली. केवढी ही गुरुदक्षिणा! माझे डोळे भरून येतात. पण डोळे पुसल्यावर मी असेही विचारतो, की त्या पोरांना म्हातारा हवा होता की १९३० सालचा माणूस? मधल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याने जे भोगले, त्याचे गाणे त्याच्याकडून कोणी मागितले काय? आदराने केलेली असली, तरी ती शालच.

याच्या उलट मडी वॉटर्स. तोही कापसाच्या मळ्यावरचा. १९४३ साली शिकागोला गेला आणि त्याने त्या गाण्यात वीज सोडली. १९६८ साली कंपनीने त्याला काळाबरोबर चालवण्यासाठी एक चमत्कारिक, झगमगीत तबकडी करायला लावली. ती त्यालाच आवडली नाही. पुढे १९७६ च्या ऑक्टोबरात, त्रेसष्टाव्या वर्षी, जॉनी विंटर नावाच्या त्याच्या निम्म्या वयाच्या भक्ताने त्याला एका खोलीत आणले. जुना जोडीदार बाजावाला जेम्स कॉटन आला. (होय, आडनावच कॉटन, आमच्या अकोल्यात त्याला दुकान काढून दिले असते.) सगळे एकाच खोलीत बसून वाजले आणि थोड्याच दिवसांत ‘हार्ड अगेन’ तयार झाली. तिच्यात जुनी गाणीही आहेत, पण आठवण म्हणून वाजवलेली नाहीत, भूक लागल्यासारखी वाजवली आहेत. त्याच मडीच्या ताफ्यातले दोन वादक, पियानोवाला पाइनटॉप पर्किन्स आणि ड्रमवाला विली स्मिथ, पुढे पुन्हा एकत्र आले. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांच्या तबकडीला ग्रॅमी मिळाले तेव्हा पर्किन्स सत्त्याण्णव वर्षांचा होता. पुढच्याच महिन्यात तो गेला. त्याला कोणी ‘बसून राहा आरामात’ म्हटले असेल काय?

मला माहीत आहे, यावर आमचे मित्र रोलिंग स्टोन्सचे नाव काढतील. पैशाची काय कमी, तरी ऐंशीव्या वर्षी नाचतात! नाचोत बापडे. त्या ताफ्याचे नावच मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतलेले. १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर मिक जॅगरच्या काखेत मडीच्या आणि चक बेरीच्या तबकड्या दिसल्या म्हणून कीथ रिचर्ड्स त्याच्याशी बोलला, आणि तिथून सारे सुरू झाले. २०१५ च्या डिसेंबरात त्यांनी तीन दिवसांत नुसती जुनी ब्लूज गाणी वाजवून काढली. पुढच्या वर्षी ती तबकडी निघाली. ती चांगली आहे, पण तिला मी अभ्यास म्हणेन. २०२३ साली मात्र अठरा वर्षांनी त्यांनी स्वतःच्या नव्या गाण्यांची तबकडी काढली. तिच्या शेवटी फक्त जॅगर आणि रिचर्ड्स, दोन म्हातारे, मडीचे ते पहिले गाणे वाजवतात. आधी नवे केले, म्हणून त्यांना त्या जुन्यापाशी जाण्याचा हक्क आला, असे मला ते ऐकताना वाटले.

दूरचे नको असेल तर मुंबईचे घ्या. १९८४ साली निघालेले रॉक मशीन. १९९३ साली त्यांनी इंडस क्रीड असे नाव घेतले आणि १९९७ साली ते मोडले. ते काही ब्लूजवाले नव्हेत, त्यांचे संगीत जास्त तापट. पण उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने गडी २०१० साली पुन्हा जमले, बेसला आणि ड्रमला तरुण मुले घेतली आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ ही सगळी नवी गाणी असलेली तबकडी काढली. त्यांना जुन्या गाण्यांवर पाच-पंचवीस कार्यक्रम करून सुखाने घरी जाता आले असते. तसे केले असते तर लोकांनी टाळ्या जास्त वाजवल्या असत्या, असेही मला वाटते. त्या मोहाला ते भुलले नाहीत, याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

दुसरी बाजू झाकून ठेवण्याची माझी इच्छा नाही. म्हातारे एकत्र येऊन जे करतात त्यातले पुष्कळसे टाकाऊ असते. कोणाला मुलीच्या लग्नाचे कर्ज फेडायचे असते, कोणाला पुन्हा फोटो हवा असतो; तिकिटे विकली जातात, सूर मात्र एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. अशा कार्यक्रमांतून मी मध्यंतरात उठून आलो आहे. पण म्हणून काय झाले? तरुणांच्या तबकड्यांतलेही पुष्कळसे टाकाऊच असते, तेव्हा ‘तरुणांनी आता आराम करावा’ असे कोणी म्हणत नाही.

आणि ध्वनिमुद्रणाचे म्हणाल, तर आम्हां अमरावतीकरांना त्याचे मोल कोणी सांगायला नको. गाडगेबाबा हे आमच्या जिल्ह्यातल्या शेंडगावचे. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात पोलिसांपुढे त्यांनी कीर्तन केले. वय ऐंशी. कोणीतरी यंत्र चालू केले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबा गेले. त्या दिवशी ते यंत्र चालू झाले नसते तर? बाबांचे विचार पुस्तकांतून राहिलेच असते. पण तो घोगरा, दमलेला, मध्येच चिडणारा, मध्येच हसवणारा आवाज, त्यांनी प्रश्न टाकायचा आणि गर्दीने उत्तर द्यायचे ती झटापट, हे आपल्याला कुठून मिळाले असते? मी नातवाला ते ऐकवले. तो म्हणाला, “आबा, हे तं तुमच्या ब्लूजसारखं आहे. एक बोलते, बाकीचे उत्तर देतात.” पोराचे कान आजोबावर गेले आहेत. बाबांना त्या दिवशी कोणी म्हटले असते, की महाराज, आता वय झाले, जुनी एखादी गोष्ट सांगा आणि शाल घ्या, तर त्यांनी हातातला खराटाच उचलला असता.

तर आम्ही काय केले ते सांगतो. सत्काराहून परतताना बेसवाला म्हणाला, “सभागृह नाही देत, तं नको देऊ देत. आपण आपलं भरून ठेवू.” आता आम्हां चौघांतले दोघे अमरावतीला, दोघे अकोल्याला. १९८० साली एका लग्नाच्या पंच्याहत्तर रुपयांवरून आमचे फाटले होते. ते पंच्याहत्तर रुपये कोणी घेतले, यावर अजूनही चार मते आहेत. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर पंच्याहत्तर किलोमीटरची एक पट्टी एकशे पाच तास तेहतीस मिनिटांत डांबरी करून जागतिक विक्रम झाला. त्याच मार्गावर चार म्हाताऱ्यांना एकमेकांच्या घरी जायला चाळीस वर्षांवर लागली, हा विक्रम मात्र कोणी नोंदवला नाही.

गायकाच्या मेव्हण्याचे अकोल्याला एक जिनिंग आहे, बरीच वर्षे बंद पडलेले. त्याच्या गोदामात आम्ही गेल्या माघात गेलो. वर पत्रे, खाली फरशी. चुटकी वाजवली तरी चार वेळा परत येई. ग्रेडरने एकदा सभोवार पाहिले आणि सुटीला आलेल्या नातवाला पिटाळून गादीवाल्याकडून जुन्या गाद्या आणवल्या. त्या भिंतींना टेकवल्या, वरून दोऱ्यांना रजया टांगल्या. आवाज एकदम घरात आल्यासारखा झाला. ज्या कापसाने जन्मभर छळले, त्यानेच शेवटी कान राखला, असे तो म्हणाला. नातवाने एक संगणक, दोन मायक्रोफोन मांडले. पहिल्या दिवशी आम्ही फक्त भांडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ड्रमवाल्याने संथ ठेका धरला, एका जिन्यावरून म्हातारा उतरतो तसा, आणि अवकाळी पावसाचे ते गाणे एका दमात झाले. गायकाचा आवाज वरच्या सुरावर फुटला. नातू म्हणाला, यंत्राने तो दुरुस्त करता येतो. गायक म्हणाला, “राहू दे बाप्पा. तो तिथंच फुटाले पाह्यजे.”

घरांतून काय झाले, तेही सांगतो, कारण हा अंक घरात वाचला जाईल. ड्रमवाल्याच्या मुलाने रक्तदाबाचे कारण काढून त्याला दोनदा अडवले. बेसवाल्याच्या सुनेने स्वच्छ सांगितले, की लोक हसतील. आमच्या सौभाग्यवतींनी काही सांगितले नाही. फक्त डब्यात दोनच्या ऐवजी आठ पोळ्या आणि तिळाची चटणी दिली, आणि विचारले, “मांजर आणखी किती दिवस रडणार आहे?” वाचकहो, तुमच्याही घरी कपाटावर कापडात गुंडाळलेली एक पेटी असेल, तबल्याचा एक डग्गा असेल, माळ्यावर एखादी खंजिरी असेल. तिचा मालक पलंगावर बसून पेपर वाचत असेल. या दिवाळीला त्याच्यासाठी शाल आणू नका. त्याला विचारा, नवे काही सुचते आहे काय? आणि सुचत असेल तर हातातला फोन चालू करून त्याच्यासमोर ठेवा, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी कुकरची शिटी होऊ देऊ नका. आमच्या तिसऱ्या गाण्यात शेजारच्या घरातली एक शिटी आली आहे. ती आता तशीच राहणार.

पाच गाणी झाली आहेत. सहावे व्हायचे आहे. ते रेल्वेवरचे आहे: बडनेऱ्याच्या फलाटावर रात्री गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाचे. १९०३ साली मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर रात्री गाडीची वाट पाहताना डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने एका फाटक्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी घासून गाताना ऐकले आणि ते सूर त्याच्या डोक्यातून गेले नाहीत, असे तो सांगत असे. माझ्याकडे कांडी आहे, पण सुरीने वाजवून पाहावे म्हणतो. ड्रमवाल्याच्या मोतीबिंदूची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची निघाली आहे. त्याआधी दोन रविवार मिळतात. मेव्हण्याने किल्ली देऊन ठेवली आहे, गाद्या अजून तिथेच आहेत.